चौदा फेब्रुवारीच्या आधीचे साठ दिवस : मावळातल्या निर्यात गुलाबाचं प्रकरण

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेच्या आसपास, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुलाबवाल्यांपुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो. झाडं 'व्हॅलेंटाइनला धरायची' की चालू ठेवायची? धरायची म्हणजे उभ्या झाडांवर कटबॅक मारायचा, म्हणजे त्यांची छाटणी करायची, आणि पुढचे सहा-सात आठवडे फुलं न तोडता एका तारखेवर सगळा माल आणायचा. चालू ठेवायची म्हणजे रोज थोडं थोडं तोडून दादर, गुलटेकडी, दिल्लीचं गाझीपूर, हैदराबादचं गुडीमलकापूर इथल्या फूलबाजारांत पाठवत राहायचं. भारतातल्या फूल निर्यातीच्या बहुतेक अडचणी या एका निर्णयात दिसतात, म्हणून प्रकरण तेवढंच धरलं आहे.

नमुन्याला एक एकर पॉलिहाऊस घेऊ. म्हणजे साधारण 4,000 चौरस मीटर, नैसर्गिक वायुविजनाचं, वर छपराला वायुवीजन आणि चारही बाजूंना गुंडाळता येणारे पडदे. लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस घालून केलेले उंच गादीवाफे, ठिबक, आणि चौरस मीटरला सात या हिशेबाने 28,000 झाडं. जात टॉप सिक्रेट, म्हणजे लाल. पिवळ्यात गोल्ड स्ट्राइक, पांढऱ्यात ॲव्हलांच वगैरे मावळात असतात, पण 14 फेब्रुवारीला जग लालच मागतं. हे युनिट कोणा एका शेतकऱ्याचं नाही. या भागात सर्रास दिसणारी मांडणी घेऊन केलेला हा हिशेब आहे, आणि त्यातले रुपये-युरोचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

आधीचा इतिहास, थोडक्यात

1991 नंतर परवाने सुटले आणि फुलशेतीला 'उगवता उद्योग' म्हणून मान मिळाला. पुणे, बंगळूर, हैदराबाद परिसरात शंभर टक्के निर्यातीची मोठी युनिटं उभी राहिली. तंत्रज्ञान हॉलंड-इस्राएलचं, रोपं हॉलंडची, सल्लागारही तिकडचेच. दशक संपेपर्यंत त्यातली कितीतरी बंद पडली किंवा कर्जात अडकली. फुलं येत नव्हती असं नव्हे. भांडवल महाग, विमानभाडं महाग, शीतसाखळी तुटकी आणि युरोपात आयातशुल्क, या चौघांत फूल सापडलं.

पुढे तळेगावात एमआयडीसीने फुलशेतीसाठी वेगळं क्षेत्र काढलं, प्रशिक्षणाची सोय झाली आणि दहा गुंठ्यांपासून एक-दोन एकरांपर्यंतची शेतकऱ्यांची पॉलिहाऊस वाढली. आज मावळचा गुलाब मुख्यतः त्यांच्या हातात आहे. देशाचा आकडा मात्र लहानच राहिला. 2023-24 मध्ये भारताची पुष्पोत्पादनांची एकूण निर्यात सुमारे 718 कोटी रुपयांची होती. त्यातही सुकवलेली फुलं आणि सुटी फुलं धरलेली असतात, ताजी दांड्याची फुलं त्याचा एक भागच. एकट्या केनियाची फूल निर्यात 2021 मध्ये 100 अब्ज शिलिंगच्या वर होती, म्हणजे आपल्या आकड्याच्या कित्येक पट.

तारीख उलटी मोजायची

युरोपातला ग्राहक 13-14 फेब्रुवारीला फूल उचलतो. दुकानदार त्याच्या तीन-चार दिवस आधी घेतो, हॉलंडच्या फूल लिलावातला जोर त्याच्याही आधी. म्हणजे आपला माल मुंबईतून 8-9 फेब्रुवारीपर्यंत निघालेला हवा. तोडणी साधारण 25 जानेवारीपासून 8 फेब्रुवारीपर्यंत. कटबॅकपासून तोडणीपर्यंत मावळच्या थंडीत 45 ते 52 दिवस लागतात. मागे मोजत गेलं की छाटणीची तारीख डिसेंबरच्या 8 ते 18 मध्ये येते.

सगळी 28,000 झाडं एका दिवशी छाटणं ही नवख्याची चूक. अनुभवी माणूस तीन टप्पे करतो : 8, 12 आणि 16 डिसेंबर, असे. थंडी वाढली तर पहिला टप्पा वाचवतो, ऊब राहिली तर तिसरा. छाटताना जाड काडीवर, बाहेरच्या बाजूच्या पाचपानी पानाच्या वर, फुगलेल्या डोळ्यापाशी काप घ्यायचा. बारीक काडीवर कटबॅक मारला की 40 सेंटिमीटरचा दांडा येतो आणि तो निर्यातीतून गेलाच. वाकवलेल्या काड्यांचा पाला शाबूत ठेवायचा, कारण नव्या फुटव्याला अन्न तोच देतो. महिनाभर आधी डाउनी (केवडा) रोगाने तो पाला गळाला असेल तर त्या वर्षी झाडं धरूच नयेत. पाला नसलेल्या झाडावर मारलेला कटबॅक हा उसना घेतलेला माल असतो, मार्चमध्ये झाड तो वसूल करून घेतं.

फुटवे बोटाएवढे झाले की निवड करायची, झाडाला एक, फार तर दोन ठेवायचे. वाटाण्याएवढी कळी दिसली की बाजूच्या कळ्या खुडायच्या. कळीवर जाळीची टोपी चढवायची म्हणजे ती उंच आणि भरीव होते, लवकर सुटत नाही. एकराला हे काम मजुरांच्या हातांनी, काडी-काडी करून होतं. ठिबकाचं पाणी 5.5 ते 6.5 सामूचं, ईसी (पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं माप) 1.4 ते 1.8 च्या आसपास. कळी रंग दाखवायला लागली की नत्र कमी आणि पालाश-कॅल्शियम जास्त, नाहीतर मान मऊ राहते.

रात्र आठ अंशांवर आली की

हा या प्रकरणाचा खरा गाभा. मावळात डिसेंबर-जानेवारीत एखादा आठवडा असा येतो की पहाटे पारा 8-10 अंशांवर उतरतो. गुलाबाला रात्री 14-16 हवेत. हॉलंडच्या काचघरात बॉयलर आहे, केनियातल्या नैवाशात विषुववृत्ताजवळची एकसारखी हवा आहे. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये फक्त पडदा आहे.

थंडी पडली की दोन गोष्टी होतात. कळी पुढे सरकतच नाही, 47 दिवसांचं फूल 53 दिवसांवर जातं आणि 18 डिसेंबरला छाटलेलं 9 फेब्रुवारीला तोडायला येतं. त्या दिवशी ते निर्यातीचं फूल राहिलेलं नसतं. दुसरं म्हणजे लाल जातीच्या बाहेरच्या पाकळ्यांची कड काळी पडते. रात्रीची थंडी आणि दिवसाचं कडक ऊन एकत्र आलं की हे होतं. ही बुरशी नाही, फवारून जात नाही. आयातदाराच्या तक्त्यात मात्र तो दोषच.

उपाय म्हणून दुपारी चारच्या सुमारास पडदे खाली घेतात, म्हणजे दिवसाची ऊब आत अडकते. पण बंद पॉलिहाऊसमध्ये रात्रभर आर्द्रता चढते, पहाटे प्लास्टिकवरून थेंब गळतात, आणि डाउनी व बोट्रायटिस (पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशी) या दोघांना हेच हवं असतं. म्हणजे थंडी अडवावी तर रोग, रोग अडवावा तर थंडी. यात मधला मार्ग एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. पडदे बंद करायच्या आधी पानं कोरडी आहेत ना ते पाहायचं, दुपारनंतर पाणी किंवा फवारणी करायची नाही, वरचं वायुवीजन अगदी बंद करायचं नाही, आणि सकाळी ऊन आत आल्याबरोबर पडदे एकदम नव्हे तर टप्प्याटप्प्याने उघडायचे. एकदम उघडले की गार हवा शिरून पानांवर दव धरतं.

उलट जानेवारी उबदार गेला तर 18-20 तारखेलाच फुलं सुटायला लागतात. मग ती शीतगृहात साठवण्याचा मोह होतो. दोन अंशांवर पाच-सात दिवस गुलाब निभावतो. बारा-पंधरा दिवस दाबून ठेवलेला माल खोक्यात छान दिसतो, ग्राहकाच्या फुलदाणीत तिसऱ्या दिवशी मान टाकतो. पैसे त्या वर्षी मिळतात, पुढच्या वर्षी त्या आयातदाराचा फोन येत नाही.

तोडल्यापासून खोक्यापर्यंत

कळी कोणत्या अवस्थेत तोडायची यावर निम्मं यश आहे. युरोपसाठी घट्ट : हिरवी पाकळी खाली वळलेली, बाहेरची लाल पाकळी नुकती सैल होऊ लागलेली. याहून कच्ची तोडली तर फूल उमलतच नाही, मान वाकते. पक्की तोडली तर वाटेतच उघडते. सकाळी ऊन चढण्याआधी एक फेरी, संध्याकाळी दुसरी. कात्री धारदार आणि निर्जंतुक, बादली पाण्यासह वाफ्याच्या तोंडाशी. दांडा पंधरा मिनिटांच्या आत पाण्यात गेलाच पाहिजे. कोरडा राहिलेला दांडा हवा ओढून घेतो, नळीत बुडबुडा अडकतो, आणि नंतर कितीही पाण्यात ठेवला तरी पाणी मानेपर्यंत पोचत नाही. बादलीतल्या पाण्याचा सामू 4 च्या आसपास आणतात, ॲल्युमिनियम सल्फेट किंवा क्लोरीन घालतात. उद्देश एवढाच की जंतू वाढून नळ्या बुजू नयेत. गंमत अशी की लाखो रुपयांच्या शीतगृहात बादल्या मात्र आठ-आठ दिवस घासलेल्या नसतात. बादलीच्या आतून बोट फिरवावं. बुळबुळीत लागलं तर त्या बॅचची मान वाकणार, असं खुशाल समजावं.

ग्रेडिंग गार खोलीत. लांबी 40, 50, 60, 70 अशी दहाच्या फरकाने. खालच्या भागातली पानं-काटे काढायचे, पण साल सोलायची नाही. वीस फुलांचा बंच, कळ्या एका रेषेत, भोवती नालीदार पुठ्ठा, बुडखे सारखे कापलेले. एका बंचमध्ये उमलण्याची अवस्था एकच हवी. सतरा घट्ट आणि तीन सैल असा बंच आला तर घेणारा दर त्या तिघांचाच देतो. मग बंच दोन ते चार अंशांच्या खोलीत, पाण्यात, किमान रात्रभर.

पुठ्ठ्याचा खोका भरून मगच तो गार करू, असं करून चालत नाही. फूल श्वास घेतं, उष्णता सोडतं. भरलेल्या खोक्याच्या पोटात गार हवा जायला रात्र पुरत नाही. म्हणून फूल आधी गार, खोका गार खोलीतच भरायचा, आणि जमल्यास खोक्याच्या दोन्ही तोंडांच्या भोकांतून पंख्याने हवा ओढायची. बंच ओले असताना भरले की आत वाफ धरते आणि आम्सटरडॅमला खोका उघडल्यावर पाकळ्यांवर तपकिरी ठिपके दिसतात. बोट्रायटिसचे बीजाणू पॉलिहाऊसमधूनच आलेले असतात, फक्त त्यांना ओल मिळालेली नसते. ती आपण खोक्यात पुरवतो.

खोक्यातली हवा

विमान कंपनी वजन आणि आकारमान यातलं जे जास्त भरेल त्याचं भाडं घेते. आकारमानाचं वजन काढायचं सूत्र : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले 6,000. आपला खोका 100 × 40 × 25 सेंटिमीटर धरला तर 16.67 किलो भरतो. त्यात 300 फुलं म्हणजे पंधरा बंच घातले, फूल 35 ग्रॅमचं आणि खोक्याचं वजन दीड किलो धरलं, तर खरं वजन 12 किलो. पावणेपाच किलो हवेचं भाडं आपण भरतो.

किलोला 200 रुपये भाडं धरू. खोक्याला 3,333 रुपये, फुलामागे 11 रुपये 11 पैसे. त्यावर 18 टक्के जीएसटी, आणखी 2 रुपये. निर्यातीच्या हवाई भाड्याला असलेली जीएसटीची सवलत 30 सप्टेंबर 2022 ला संपली, तेव्हापासून हा भार आहे. नोंदणी असलेल्या निर्यातदाराला तो परतावा म्हणून मागता येतो, पण पैसा महिनोन्महिने अडकतो. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याच्या वतीने एजंट पाठवत असेल तर परतावा कोणाच्या खिशात जातो ते आधीच विचारून ठेवावं.

आता लिलावात फूल 30 युरोसेंटला गेलं आणि युरो 100 रुपयांचा धरला तर हातात 30 रुपये. त्यातून भाडं व जीएसटी 13.11, आयातशुल्क 8.5 टक्क्यांनी 2.55, लिलावाचं कमिशन, तिथल्या एजंटाची हाताळणी, पुन्हा पाण्यात घालणं, बादलीभाडं मिळून 15 टक्के म्हणजे 4.50, इकडचं पॅकिंग आणि मुंबईपर्यंतची वाहतूक 2.50. एकूण 22.66. राहिले 7 रुपये 34 पैसे. तीस रुपयांच्या फुलाचे.

त्याच खोक्यात वीस बंच बसवले, म्हणजे 400 फुलं, तर भाडं फुलामागे 8.33 आणि जीएसटी 1.50 होतो. वाचले 3 रुपये 28 पैसे, हातात 10.62. वजन साडेपंधरा किलो, म्हणजे अजून आकारमानाच्या आतच. निव्वळ भरण्याच्या कौशल्यावर शेतकऱ्याचं उत्पन्न पंचेचाळीस टक्क्यांनी वाढलं. अर्थात हे बळाने करता येत नाही. बंचचे डोके एकमेकांवर चढले की कळ्या चेपतात. दोन्ही टोकांना डोकी, मध्ये दांडे एकमेकांत गुंतवलेले, आणि वरून आडवी पट्टी घट्ट बांधलेली, अशी भरणी करणारा माणूस मावळात पॅकहाऊसचा सगळ्यात मोलाचा माणूस असतो. सुपरवायझरपेक्षाही.

हेच गणित भाव उतरल्यावर लावून पाहा. 400 फुलांच्या खोक्यात, 22 सेंटला गेलेल्या फुलामागे खर्च साडेसतरा, हातात साडेचार रुपये. भाव 27 टक्क्यांनी पडला, उत्पन्न 58 टक्क्यांनी. खर्चाचा मोठा भाग भावावर अवलंबून नाही, त्यामुळे पडझड सगळी उत्पादकाच्या वाट्याला येते.

घाट उतरल्यावर

पुण्याचं लोहगाव हे मुळात हवाई दलाचं. तिथून युरोपला फुलं उचलणारी सोय नाही, म्हणून माल मुंबईला. शंभर-सव्वाशे किलोमीटर, बोरघाट उतरून. रीफर, म्हणजे आतून गार ठेवलेली व्हॅन असेल तर ठीक. साध्या टेम्पोत ताडपत्री टाकून नेलेला मालही जातो, आणि तिथेच दोन दिवसांचं आयुष्य जातं. मुंबईत नाशवंत मालासाठी शीतकक्ष आहे. पण खोके त्या कक्षातच राहत नाहीत. उतरवणं, एक्स-रे, तपासणी, पॅलेट बांधणं, जाळी घालणं, मग विमानापर्यंत ट्रॉलीवर. फेब्रुवारीतल्या दुपारी धावपट्टीशेजारी तीस अंश सहज असतात.

नुकसान मोजायची सोपी रीत : अंश गुणिले तास. दोन अंशांवर 72 तास म्हणजे 144. पंचवीस अंशांवर सहा तास म्हणजे 150. तीन दिवस शीतगृहात जे आयुष्य खर्च होतं तेवढं सहा तास ऊबेत होतं. आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक खेपेत एका खोक्यात तापमान नोंदणारं छोटं यंत्र टाकावं. आयातदाराने 'माल खराब आला' म्हटलं तर कुठे खराब झाला हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

कागदपत्रांत आयात-निर्यात कोड, अपेडाची (केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी, शिपिंग बिल आणि माल कीड-रोगमुक्त असल्याचं वनस्पती संगरोध विभागाचं फायटो प्रमाणपत्र. युरोपीय संघात 14 डिसेंबर 2019 पासून वनस्पतिजन्य मालाचे नियम आणखी आवळले गेले आहेत. निरीक्षक काही बंच काढून पांढऱ्या कागदावर झटकतो. एक जिवंत फुलकिडा पडला की खेप थांबते. थांबणं म्हणजे फक्त उशीर नाही. विमानातली राखलेली जागा गेली, आणि 6 फेब्रुवारीला पुढची जागा मिळत नाही. फुलकिडे कळीच्या आतल्या पाकळ्यांत असतात, तिथे शेवटच्या आठवड्यात मारलेलं औषध पोचत नाही. त्यांचा बंदोबस्त कळी बंद असतानाच, निळे चिकट सापळे पाहून, औषधांचे गट आलटून पालटून करायचा असतो.

ऑस्ट्रेलियाला पाठवायचं तर आणखी एक पायरी. दांडा तिकडे रुजू नये म्हणून तो ग्लायफोसेटच्या द्रावणात बुडवावा लागतो. फूल टिकण्याचा काळ त्याने कमी होतो, म्हणून तिकडची खेप वेगळी, अधिक घट्ट कळीची ठेवतात.

घड्याळाखाली

रॉयल फ्लोराहॉलंडच्या आल्समेरच्या लिलावात घड्याळासारख्या तबकडीवर भाव वरून खाली उतरतो, पहिला बटण दाबणारा घेतो. किमान भावालाही कोणी दाबलं नाही तर तो माल नष्ट करतात, परत येत नाही. भाडं मात्र भरलेलं असतं. घड्याळावर जाणारा मावळचा माल त्या पंधरवड्यापुरता येतो. खरेदीदाराच्या डोळ्यांपुढे वर्षभर केनिया-इथिओपियाचं फूल असतं, त्याचा दर्जा त्याला पाठ असतो. अनोळखी नावाचा लॉट तो दोन सेंट खालीच धरतो. बावन्न आठवडे पुरवठा नसणं ही किंमत आहे, आणि ती प्रत्येक फुलामागे मोजली जाते. म्हणून ज्यांचा माल एकाच दर्जाचा आहे ते आधी ठरलेल्या भावाच्या ऑर्डरी घेतात, घड्याळावर उरलेलाच सोडतात. सुपरमार्केटच्या ऑर्डरीसाठी एमपीएस किंवा ग्लोबलगॅपसारखं प्रमाणपत्र मागतात. एकट्या एकरवाल्याला त्याचा खर्च झेपत नाही, गटाला झेपतो. त्याबरोबर जातीची रॉयल्टी भरल्याचा कागदही लागतो. शेजाऱ्याकडून आणलेल्या डोळ्यांवर उभं केलेलं पॉलिहाऊस निर्यातीला तिथेच बाद होतं.

नैवाशाशी तुलना नेहमी होते, पण ती मजुरीवर अडकते. खरा फरक उंचीचा आहे. नैवाशा जवळपास 1,900 मीटरवर, मावळ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उंचीवरच्या थंड, एकसारख्या रात्रींनी कळी मोठी होते आणि छाटणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस वर्षभर तेवढेच राहतात. नैवाशा ते नैरोबीचा विमानतळ हे अंतर तळेगाव-मुंबईइतकंच आहे. पण तिथून फुलांसाठीच भरून निघणारी मालवाहू विमानं आहेत, इथे प्रवासी विमानाच्या पोटात उरलेली जागा. शुल्काचाही फरक आहे. युरोपीय संघाचा गुलाबावरचा सर्वसाधारण दर नोव्हेंबर ते मे 8.5 टक्के आणि जून ते ऑक्टोबर 12 टक्के. केनिया आणि इथिओपियाला शून्य. हे शून्य किती मोलाचं आहे ते 2014 मध्ये दिसलं. युरोपीय संघाशी व्यापार करार लांबल्यामुळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत केनियाच्या फुलांवर 8.5 टक्के लागले आणि तिकडे सरकार हलवण्याइतकी ओरड झाली. आपण तर वरच्या हिशेबात तेवढे धरूनच बसलो आहोत.

समुद्रमार्गे पाठवा, असा सल्ला अलीकडे सर्रास मिळतो. कोलंबिया आणि केनिया ते करू लागले आहेत, अर्ध्या अंशावर ठेवलेल्या कंटेनरमधून. मावळच्या लाल गुलाबाला ते आज लागू पडत नाही. तीन-चार आठवड्यांच्या प्रवासासाठी फुलं जानेवारीच्या सुरुवातीलाच तोडावी लागतील, म्हणजे कटबॅक नोव्हेंबरमध्ये. शिवाय चाळीस फुटी कंटेनर एकाच दिवशी एकाच जातीने भरायला बऱ्याच जणांचं वेळापत्रक एक व्हावं लागेल. आणि 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राची वाट बेभरवशाची झाल्यावर आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजाला दहा-बारा दिवस आणखी लागतात.

मग धरायची की नाही?

निर्यातीचा भाव स्थानिक भावाशी तुलना करताना बहुतेक जण एक खातं विसरतात : न तोडलेली फुलं. कटबॅक मारल्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत एकरात तोडणी नाही. या काळात नाताळ, नवं वर्ष, संक्रांतीनंतरचे लग्नाचे मुहूर्त येऊन जातात. एकदम आलेला बहर उतरला की पुन्हा मार्चच्या मध्यापर्यंत खाडा. म्हणजे पंधरा दिवसांच्या भावाने तीन महिन्यांचं भाडं, मजुरी, वीज आणि बँकेचा हप्ता उचलायचा असतो.

दुसरीकडे देशातला बाजार आता 1995 चा राहिलेला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिल्लीचा व्यापारी बांधावर येऊन बारा-पंधरा रुपये देत असेल तर लिलावातून हाती आलेले 10 रुपये 62 पैसे कमीच. तिथे 40 सेंटिमीटरचा दांडाही विकला जातो, काळी कड कोणी पाहत नाही, फुलकिड्यावर खेप अडत नाही. मावळच्या निर्यातीपुढचा मोठा स्पर्धक नैवाशा नसून गाझीपूर आहे. मात्र देशी बाजार नाजूकही आहे. मुहूर्त नसलेल्या आठवड्यात बंचला काढणीची मजुरीही सुटत नाही, आणि सजावटीतल्या प्लास्टिकच्या फुलांनी त्याचा खालचा थर खाल्ला आहे. निर्यातीतून बाद झालेलं फूल याच थरात खपायचं.

म्हणून एका एकराच्या या प्रकरणात सगळी झाडं धरणं चूक आणि एकही न धरणंही चूक. निर्यातीला एकराचे चार-सहा दशांश घ्यावेत, तेही जिथे पाला निरोगी आणि काड्या जाड आहेत अशा ओळी. त्यातला निम्मा माल छाटणीच्या आधी, नोव्हेंबरमध्ये, ठरलेल्या भावाने विकलेला असावा. खरेदीदाराचा अर्धा आगाऊ पैसा आला नाही तर त्या ओळी चालू ठेवाव्यात. उरलेल्या ओळींवर कटबॅकऐवजी रोजची तोडणी. आखाती देश, सिंगापूर, मलेशिया या जवळच्या बाजारांना आठवड्याला दोन लहान खेपा वर्षभर जात राहिल्या तर फेब्रुवारीतही विमानात जागा मिळते. विमान कंपनी वर्षाच्या गिऱ्हाइकाला आधी जागा देते.

15 फेब्रुवारीनंतर एक काम राहतं, आणि ते टाळलं जातं. तिन्ही टप्प्यांच्या छाटणीच्या तारखा, पहिल्या आणि शेवटच्या तोडीच्या तारखा, आणि त्या दरम्यानचं रोजचं पहाटेचं किमान तापमान एका वहीत शेजारी शेजारी लिहायचं. आपल्या पॉलिहाऊसमध्ये पारा दहाखाली गेलेली प्रत्येक रात्र कळीला किती मागे ढकलते, ते तीन हंगामांच्या नोंदीत दिसतं. चौथ्या डिसेंबरला छाटणीची तारीख मग शेजाऱ्याला विचारावी लागत नाही.